फोन लागणे

मराठीत ‘लागणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. भूक लागते, ठेच लागते, वेड लागते, दिवा लागतो, झाडाला फळ लागते, बसल्या जागी डोळा लागतो आणि मुहूर्त साधून लग्नही लागते. परभाषेतल्या एखाद्या माणसाला हे सगळे समजावून सांगायची पाळी आली, तर आपलेच डोके दुखायला लागते! या लांबलचक यादीत आपण फोनलाही केव्हा बसवून टाकले कोण जाणे. फोन ‘जोडला गेला’ असे आपल्या घरात कोणी म्हणत नाही. फोन लागतो, किंवा लागत नाही. आणि तो लागला नाही की मागोमाग दुसरे काही तरी लागते, ते म्हणजे जिवाला घोर.

या सदरात मी बहुधा शब्दांविषयी आणि पुस्तकांविषयी लिहिते. मराठी शिकवणाऱ्या बाईने त्याच कुंपणात राहावे अशी वाचकांचीही अपेक्षा असते. पण दिवाळी अंकात थोडे कुंपण ओलांडलेले चालते, असे संपादकांच्या चेहऱ्यावरून वाटले. म्हणून यंदा एका यंत्राच्या सोयीविषयी लिहिते आहे. तिचे नाव ‘वायफाय कॉलिंग’. नाव ऐकून पान उलटू नका. कारण या सोयीचा संबंध तारा आणि लहरी यांच्याशी जेवढा आहे, तेवढाच एका म्हाताऱ्या बाईने आपल्या घरात राहायचे की नाही या प्रश्नाशीही आहे.

ही बाई म्हणजे माझी आत्या. वय शहात्तर. रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूरपासून आत एका वाडीत तिचे सासरचे घर आहे. जांभ्या दगडाच्या हातभर रुंद भिंती, पुढे पडवी, मागे विहीर आणि चार पोफळी. वाडी डोंगराच्या कुशीत आहे आणि मोबाइलचा मनोरा डोंगराच्या पलीकडे. मोबाइलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत चालतात. मध्ये डोंगर आडवा आला की त्यांची वाट खुंटते. ज्या थोड्या वळसा घालून खाली पोचतात, त्यांना पुढे जांभ्याच्या भिंती अडवतात. परिणाम असा, की आत्याच्या घरात रेंज ही पाहुण्यासारखी येते, तीही चहा न घेता जाणाऱ्या!

वाडीने यावर आपला तोडगा काढला होता. घरांच्या वर, सड्यावर जायच्या पाऊलवाटेवर एक मोठा कातळ आहे. तिथे उभे राहिले, आणि तोंड नेमके पश्चिमेला केले, की फोन लागतो. त्याला सगळे ‘फोनचा कातळ’ म्हणतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथे चांगली बैठक भरायची. मुंबईच्या मुलाला पैशांची आठवण करायची असो, की माहेरच्या मंडळींची खुशाली विचारायची असो, माणसे चढ चढून कातळावर येत आणि खणखणीत आवाजात आपापले संसार सांगत. अशी ठिकाणे कोकणात नि सह्याद्रीच्या घाटावर शेकड्यांनी असतील. कुठे ते आंब्याचे झाड असते, कुठे देवळाचा चौथरा, कुठे शाळेची गच्ची. २०२०च्या टाळेबंदीत तर कोकणातल्या मुलांनी अभ्यासाच्या तासांसाठी डोंगरावर झोपडी उभारल्याच्या बातम्या आपण वाचल्या होत्या.

आता खरा प्रश्न कुठे होता तो सांगते. आत्याचा मुलगा, म्हणजे माझा आत्तेभाऊ, ठाण्याला असतो. गेल्या वर्षी जुलैत एका पावसाळी संध्याकाळी त्याने आईला फोन लावला. ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे,’ असे एक बाई सांगू लागल्या. त्याने सात वाजता लावला, आठ वाजता लावला, नऊ वाजता लावला. बाईंचे उत्तर एकच आणि आवाजही तोच, थंड आणि निर्विकार. मला त्या वाक्याचा नेहमी राग येतो. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ म्हणजे जणू माणूस या लोकातच उरला नाही! शेवटी त्याने गावातल्या किराणा दुकानदाराला गाठले. त्या भल्या गृहस्थाने भर पावसात बॅटरी देऊन आपला मुलगा वाडीवर पाठवला. मुलगा पोचला तेव्हा आत्या पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. “मला काय धाड भरली आहे?” असे म्हणून तिने त्या पोराला चहा पाजला आणि निम्म्या आठळ्या त्याच्याच पिशवीत घातल्या.

पण त्या रात्री ठाण्यात कोणाचा डोळा लागला नाही. गणपतीला सगळे जमलो तेव्हा आत्तेभावाने विषय काढला. “आई, पुरे झाले. घर बंद कर आणि ठाण्याला चल. तिथे एकटी असलीस तरी निदान फोन तरी लागतो.” आत्या मोदकांच्या पाकळ्या काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, “फोन लागत नाही म्हणून माणसाने घर सोडायचे? मग फोनलाच आणा ना घरी!”

सगळे हसले. पण नकळत तिने नेमके उत्तर सांगितले होते.

कारण तोवर वाडीत रेंज आली नसली तरी इंटरनेट आले होते. ही विसंगती शहरातल्या माणसाला चटकन उमगत नाही. मोबाइल हवेतून येतो. त्याला डोंगर अडवतो. पण काचेचा तंतू, म्हणजे फायबर, खांबाखांबांवरून डोंगराला वळसा घालून कोणाच्याही दाराशी येऊ शकतो. ग्रामपंचायतींपर्यंत असा तंतू नेण्याची सरकारी योजना २०११ साली मंजूर झाली. ‘भारतनेट’ हे नाव तिला पुढे मिळाले. आत्याच्या वाडीत मात्र फायबर आणली ती तालुक्याच्या एका केबलवाल्याने, आणि आणली ती मालिका बघणाऱ्यांच्या आग्रहाखातर. करमणुकीच्या मागून उपयुक्तता येते, हे वाङ्मयाच्या इतिहासातही आपण पाहतोच.

तर वायफाय कॉलिंगची किमया अशी. एरवी आपण फोन लावतो तेव्हा आपला आवाज हातातल्या यंत्रातून हवेत जातो, हवेतून मनोऱ्यावर, मनोऱ्यावरून कंपनीच्या केंद्रात आणि तिथून पलीकडच्या माणसाकडे. या साखळीत दुबळा असतो तो पहिला दुवा, यंत्रापासून मनोऱ्यापर्यंतचा. वायफाय कॉलिंगमध्ये तेवढाच एक दुवा बदलतात. आवाज घरातल्या राउटरकडे जातो, तिथून फायबरने इंटरनेटवर, आणि इंटरनेटमधून कंपनीच्या दारापर्यंत. या वाटेत कोणी ऐकू नये म्हणून फोन आणि कंपनी यांच्यात कुलूपबंद भुयारासारखा एक मार्ग तयार होतो. सिमकार्डावरून कंपनी ओळख पटवून घेते आणि मग पुढचा सगळा प्रवास नेहमीच्याच रस्त्याने होतो. पुढच्या दारात चिखल झाला म्हणून पाहुण्याला परसदाराने आत घ्यावे, तसे हे आहे. घर तेच, माणसे तीच, पाहुणचारही तोच.

म्हणूनच नंबर बदलत नाही. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. आपल्याकडे कंपन्या या सोयीसाठी वेगळा आकारही घेत नाहीत. नेहमीचे रिचार्ज जिवंत असले म्हणजे झाले. इंटरनेटही फार खर्ची पडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पलीकडच्या माणसाला यातले काहीही ठाऊक असण्याची गरज नाही.

“पण मग व्हॉट्सॲपवर बोलता येतेच की!” असे माझ्या धाकट्या भावाने मला ऐकवले. येते, जरूर येते. पण त्यासाठी दोन्ही बाजूंना तीच व्यवस्था लागते. आत्याच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला फोन टेबलावरचा आहे, तारेचा. एस.टी.च्या आगारातला तसाच. तिची जाऊ पाचलला असते. तिच्याजवळ बटणांचा जुना फोन आहे आणि तो ती जन्मात बदलणार नाही. बँकेतला कारकून व्हॉट्सॲपवर बोलत नाही. उलट, या सर्वांना जर आत्याला गाठायचे असेल, तर त्यांच्या वहीत आत्याचा एकच नंबर लिहिलेला आहे. तो नंबर लागला पाहिजे. माणूस जगाशी जोडलेला असतो तो अशा एका साध्या नंबराने.

ही विद्या काही कालपरवाची नव्हे. अमेरिकेत टी-मोबाइल या कंपनीने २००७ सालीच घरच्या वायफायवरून बोलण्याची सोय बाजारात आणली होती. २०१४ साली ती आयफोनातही आली. भारतात डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने, जानेवारी २०२० मध्ये जिओने आणि त्याच वर्षाच्या अखेरीस व्हीआयने ती सुरू केली. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या खिशात ती काही वर्षे निमूटपणे पडून आहे. आपल्याला तिचे नाव माहीत नाही इतकेच.

लांबच्या माणसाशी बोलण्याची धडपड आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईत टेलिफोन आला १८८२ साली. परगावचा फोन मधल्या ऑपरेटरवाचून, थेट नंबर फिरवून लावण्याची सोय देशात प्रथम कानपूर आणि लखनौ यांच्यात झाली, ती १९६० साली. त्याआधी ट्रंककॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे, असे माझे वडील सांगत. माझ्या पिढीने पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. बूथमध्ये, रात्री दर उतरल्यावर, घड्याळाकडे डोळे लावून आई-बापांची खुशाली विचारली आहे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. तेव्हा आता माणूस कुठेही सापडेल असे सगळ्यांना वाटले. त्याला तीस वर्षे उलटली, आणि आत्या अजून कातळावर चढत होती.

गणपतीनंतर केबलवाल्याचा पोरगा आला. त्याने आत्तेभावाचा जुना स्मार्टफोन आत्यासाठी तयार केला. करायचे फार थोडे असते. फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये सिमकार्डाच्या किंवा मोबाइल नेटवर्कच्या पानावर ‘वायफाय कॉलिंग’ असे एक बटण असते. ते चालू करायचे. आयफोनात ते मोबाइल सेवेच्या पानावर सापडते. बटण दिसलेच नाही, तर फोन जुना आहे किंवा कंपनीने त्या फोनासाठी ही सोय दिलेली नाही असे समजावे. काम झाले की वरच्या पट्टीवर वायफायची खूण किंवा तसे अक्षर उमटते.

एक अडचण मात्र उरली. घरात क्वचित एखादी मरतुकडी रेंज यायची आणि फोन वायफाय सोडून तिलाच धरून बसायचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसेच! यावर त्या पोराने युक्ती सांगितली. विमानाच्या चित्राचे बटण दाबले की मोबाइलचे जाळे बंद होते; मग वायफाय तेवढे पुन्हा चालू करायचे. आता फोनला वायफायवाचून गत्यंतर उरत नाही. शिवाय रेंज शोधता शोधता बॅटरी संपायची, तेही वाचते. फक्त घराबाहेर पडताना ते विमान उतरवायचे विसरू नये. आत्याला हे विमान फार आवडले. “आयुष्यात बसले नाही, पण रोज दाबते,” असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

पहिल्या रात्री तिने आपल्या धाकट्या बहिणीला, माझ्या दुसऱ्या आत्याला, कोल्हापूरला फोन लावला. चाळीस मिनिटे दोघी बोलत होत्या. मी तेव्हा तिथेच होते. आत्याचा आवाज इतका हलका झालेला मी कधी ऐकला नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आले, की कातळावर माणूस फक्त खुशाली सांगतो. “बरी आहे, पाऊस आहे, भात लावून झाले.” भोवती आठ-दहा माणसे कान टवकारून उभी असतात, आवाज चढवून बोलायचे असते, पायाखाली चढ असतो आणि वर काळोख दाटत असतो. अशा ठिकाणी कोणी आपल्या मनातले सांगत नाही. गेल्या कित्येक वर्षांत या दोघी बहिणी फोनवर एकदाही रडल्या नव्हत्या. त्या रात्री माजघरात बसून त्या रडल्या, आणि नंतर पुष्कळ हसल्याही.

बँकेचे कामही सोपे झाले. पूर्वी बँकेचा सांकेतिक आकडा, तो ओटीपी, मोबाइलवर यायचा तो कातळावर पोचल्यावर. आणि तोपर्यंत त्याची मुदत सरलेली असायची. आता तिच्या फोनवर असे संदेशही वायफायवरूनच येतात. सगळ्याच फोनांत आणि सगळ्याच कंपन्यांत हे घडते असे नाही, पण पुष्कळ ठिकाणी घडते.

हे वाचून कोणी असे समजू नये, की ही केवळ खेडेगावची गोष्ट आहे. पुण्या-मुंबईत लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटने नि चकचकीत काचांनी जी घरे बांधली आहेत, त्यांच्या आतल्या खोलीत रेंजचे हाल आत्याच्या माजघरासारखेच होतात. तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, चारी बाजूंनी उंच इमारती उठल्यावर, कित्येक आजी-आजोबा खिडकीच्या गजांना चिकटून बोलताना मी पाहते. त्यांच्या घरात वायफाय असते, फोनही नवा असतो. बटण तेवढे कोणी चालू केलेले नसते. कार्यालयांत मात्र कधी कधी निराळेच घडते. तिथल्या वायफायवर सुरक्षिततेसाठी पहारा असतो आणि तो असे भुयार खणू देत नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझ्या हातून वाचकांची फसवणूक होईल. वायफाय कॉलिंगने रेंज वाढत नाही. घरातल्या घरात ती उसनी मिळते. आत्याने तिची हद्द नीट ओळखली आहे. पडवीच्या तिसऱ्या खांबापर्यंत बोलणे ऐकू येते. विहिरीकडे वळले की तुटते. ज्या गावात चांगली रेंज असते तिथे चालू असलेला फोन वायफायवरून मोबाइलच्या जाळ्यावर आपोआप सरकू शकतो. पण आत्याच्या परसात सरकायला पलीकडे काही नाहीच.

याहून मोठी गोष्ट विजेची. जुन्या तारेच्या टेलिफोनला लागणारी वीज केंद्रातून त्या तारेनेच येत असे. म्हणून घरातले दिवे गेले तरी तो काळा डबा बोलत राही. राउटरचे तसे नाही. वीज गेली की तो मुका होतो, आणि त्याच्याबरोबर वायफाय कॉलिंगही. ३ जून २०२०चे निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकणाला झोडपत गेले, तेव्हा खांब आडवे झाले, तारा तुटल्या आणि मनोरेही बंद पडले. म्हणजे ज्या रात्री फोनची खरी गरज, नेमक्या त्याच रात्री हा सोबती झोपी जायचा संभव. राउटरसाठी बॅटरीची एक लहानशी पेटी मिळते. ती काही तास त्याला जागे ठेवते. आत्तेभावाने ती बसवली आहे. पण फायबरच तुटली तर पेटी काय करणार? म्हणून किराणा दुकानदाराचा नंबर आत्तेभावाने पुसलेला नाही, आणि पुसूही नये. आणखी एक. संकटात ११२ हा नंबर वायफायवरून लावला, तर आपण कुठे आहोत ते यंत्राला अचूक कळेलच असे नाही. अशा वेळी गाव, वाडी, खूण सगळे तोंडाने सांगावे. आत्याच्या फोनशेजारी भिंतीवर मी तिचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला आहे. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आपण पुष्कळजण गावी जाल, किंवा वडीलधाऱ्यांकडे फराळाला जाल. तेव्हा चकलीचा दुसरा घाणा निघेपर्यंत त्यांचा फोन मागून घ्या. घरात वायफाय असेल तर ते बटण शोधा, चालू करा, आणि तुमच्यादेखत एक फोन लावायला सांगा. नुसते करून देऊन उठू नका. कसे केले ते दाखवा, आणि विमानाचे बटण कधी दाबायचे ते वहीत लिहून ठेवा. पाच मिनिटांचे काम आहे. मात्र फोन लागू लागला म्हणून पुढच्या दिवाळीला जाणे टाळू नका. तसे झाले तर मला हा लेख लिहिल्याचा पश्चात्ताप होईल.

यंदाच्या गणपतीत घर बंद करण्याचा विषय निघाला नाही. तो कायमचा मिटला असे मी म्हणत नाही. शहात्तरच्या पुढे सत्त्याहत्तर येते, आणि गुडघे काही वायफायवर चालत नाहीत. पण हा निर्णय आता फोन घेणार नाही. आत्या घेईल, तिला वाटेल तेव्हा. संध्याकाळी पाच वाजता ती अजूनही काठी टेकत कातळावर जाते. “आता कशाला जातेस?” असे मी विचारले, तर म्हणाली, “अगं, फोन घरी लागतो. माणसे तिथे भेटतात.”

आत्तेभाऊ मात्र आता रोज रात्री साडेआठला ठाण्याहून फोन लावतो, आणि तो पहिल्या झटक्याला लागतो. परवा मला म्हणाला, “काय सांगू तुला! फोन लागला की आई म्हणते, ‘मालिका चालू आहे, नऊनंतर कर.’”